पहिली वेलांटी, दुसरी वेल

कुंपण झाकायला वेल हवी, आणि ती मिळेल तितकी लवकर वाढणारी हवी, असं वेलांटीकाकांनी सकाळचा चहा अर्धा कपात असतानाच जाहीर केलं. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"गेल्याच वर्षी तुम्ही दोघा शेजाऱ्यांनी मिळून ती तारेची जाळी लावलीत. तेव्हा म्हणत होतात, किती मोकळं वाटतं."

"आता जरा जास्तच मोकळं वाटतंय," काका म्हणाले.

काकूंना त्यातली मेख ठाऊक होती. जाळीच्या पलीकडे घड्याळजींचं घर होतं, घराच्या व्हरांड्यात वेताची खुर्ची होती, खुर्चीत घड्याळजी होते, आणि जाळीवर, बरोबर काकांच्या बाजूला तोंड करून, एक पाटी होती. पाटीवर लिहिलं होतं, 'घर विकणे आहे'. त्यातल्या 'वि'ची वेलांटी लाल होती, आणि सगळं बिनसलं होतं ते त्या वेलांटीवरून.

हे भांडण नीट कळायचं तर आधी काका कळायला हवेत. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून त्यांनी उभी हयात घालवली होती. पुस्तक छापून होण्याआधी त्यातल्या चुका वेचायच्या, काना-मात्रा तपासायच्या, पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी येऊन बसली असेल तर तिला उठवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी सदऱ्याच्या खिशातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना, भाच्याने पाठवलेलं पोस्टकार्ड, कोणाचीच तिच्या तावडीतून सुटका नव्हती. गल्लीतल्या पोरांनी त्यांना वेलांटीकाका हे नाव दिलं. पुढे त्या पोरांना पोरं झाली, तरी नाव तेच राहिलं.

घड्याळजींचं नावही असंच पडलेलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. दोघं एकाच सुमाराला शेजारी राहायला आले तेव्हा मधलं कुंपण लाकडी फळ्यांचं आणि छातीइतकं उंच होतं, त्यामुळे कितीतरी वर्षं काकांना शेजारी छातीच्या वरचाच माहीत होता. सुरुवातीला सगळं रीतसर, अहो-जाहो चालायचं. मग प्रुफं आली आणि सगळं बदललं.

प्रुफं वाचायची रीत अशी, की एकाने छापलेला मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने लेखकाच्या हस्तलिखितावर बोट फिरवत तो ताडून बघायचा. छापखान्यातला काकांचा जोडीदार एकदा आजारी पडला, काम अडलं, म्हणून काकांनी हस्तलिखिताचा गठ्ठा सहज फळीवरून पलीकडे दिला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि असं काही काम केलं, की जोडीदार बरा होऊन परत आला तरी काका प्रुफं घरीच आणत राहिले. रोज सकाळी, कामावर जाण्याआधी, फळीच्या दोन बाजूंना दोन स्टुलं लागायची. "बोट किनाऱ्याला लागली पूर्णविराम ती म्हणाली स्वल्पविराम" असं काका एका सुरात वाचायचे आणि पलीकडून "हं" यायचं. रस्त्याने जाणारे थबकून बघायचे. या सगळ्यात 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एका कादंबरीत नायिका मरते, त्या पानावर पलीकडचं 'हं' येईना. काकांनी वाकून पाहिलं तर घड्याळजींच्या भिंगाला धुकं आलं होतं. काका म्हणाले, "इथे उद्गारचिन्ह दोनदा पडलंय." घड्याळजी रडता रडता हसले, आणि ती गोष्ट पुढे कितीतरी लोकांना सांगत राहिले.

प्रुफांच्या साऱ्या खुणांमध्ये घड्याळजींची लाडकी खूण म्हणजे काकपद. मजकुरात एखादा शब्द राहून गेला असेल तर दोन शब्दांच्या मध्ये कावळ्याच्या पायासारखी खूण करायची आणि राहिलेला शब्द वर लिहून टाकायचा. "राहून गेलेलं मागाहून घालता येतं, ही मोठी सोय आहे तुझ्या धंद्यात," ते म्हणायचे. "आमच्याकडे चाकाचा एक दात गेला की सगळंच बंद."

आणि घड्याळजींची बायको गेली, त्यानंतरच्या एका सकाळी काय बोलावं ते काकांना सुचेना. त्यांनी आपलं स्टूल मांडलं आणि हातात होतं ते पान हळू आवाजात, एकही स्वल्पविराम न गाळता वाचायला घेतलं. शेतीचं पाठ्यपुस्तक होतं. खतांबद्दलचा धडा होता. बऱ्याच वेळाने पलीकडून "हं" आलं. आपण जन्मात याहून चांगलं काही बोललो नाही, असं काकांना अजून वाटायचं.

पुढे फळ्या कुजल्या. दोघांनी मिळून जाळी लावली, आणि घड्याळजींना पाय आहेत व ते पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात असतात हे काकांना नव्याने कळलं. वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी ती पाटी आली. दूर राहणारी मुलगी बापाच्या मागे लागली होती, एकटे तिथे कशाला राहता, इकडे या म्हणून, हे काकांच्या कानावर होतं. पण कानावर असणं निराळं आणि पाटी डोळ्यांसमोर येणं निराळं. रस्त्याकडे टांगायची पाटी घड्याळजींनी आपल्याकडे तोंड करून का टांगली, हा प्रश्न काकांना पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण पाटीवर 'घर वीकणे आहे' असं लिहिलं होतं.

काकांचा हात आपल्या सवयीने खिशात गेला, लाल पेन्सिल निघाली, दुसरी वेलांटी खोडली गेली आणि पहिली काढली गेली.

"विकणे," काका म्हणाले. "पहिली."

घड्याळजी खुर्चीतून उठले. "तुम्हाला एवढंच दिसलं?" ते म्हणाले आणि आत गेले.

एवढ्या वर्षांनी ते 'तुम्ही' आलं, आणि काकांना कोणी फळीने मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. तेव्हापासून जाळीच्या दोन बाजूंना दोन म्हातारे एकमेकांना दिसत बसले होते आणि बोलत नव्हते.

"जाऊन एवढंच म्हणायचं, जाऊ नको," काकू भाजीचे देठ बाजूला करत म्हणाल्या. "दोन शब्द आहेत. वेलांटी एकसुद्धा नाही. चुकायची भीती नाही."

"त्याला जायचं आहे. त्याने पाटी लावली आहे."

"मग वेल कशाला?"

काकांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "तो गेला की ती खुर्ची रिकामी दिसणार. मला नाही बघायची ती."

काकूंनी उठून पिशवी काढून दिली.

रोपवाटिकेत वेलींचा एक कोपराच होता आणि प्रत्येक कुंडीत तिथल्या बाईंनी हाताने लिहिलेली एकेक पट्टी खोचली होती. काका वेल निवडायला गेले होते, पण पहिल्याच पट्टीने त्यांना अडवलं. 'गोकर्न' होतं. पुढे 'जूई'. त्यापुढे 'कृश्नकमळ'. काका एकेका कुंडीपुढे वाकत, पेन्सिल चालवत पुढे सरकत होते. रोपवाल्या बाईंना वाटलं, गिऱ्हाईक मोठं चोखंदळ आहे. 'मधूमालति'पाशी काका सगळ्यात जास्त वेळ थांबले, कारण तिथे एका शब्दात उकारही चुकला होता आणि वेलांटीही. दुरुस्त करून झाल्यावर ते नाव छान दिसू लागलं. वेलही भरगच्च आणि जोमदार होती. पण ज्या शब्दावर आपण इतका लाल रंग ओतला तो शब्द घरी न्यावा हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

अगदी टोकाला, नळाजवळ, एक मळकट कुंडी होती आणि तिच्यात पट्टी होती, 'गारवेल'. शुद्ध. काना जागेवर, मात्रा जागेवर, वेलांटीचा प्रश्नच नाही. काकांचं मन भरून आलं.

"ही द्या."

"ती विकायची नाही काका," बाई म्हणाल्या. "ती आपली आपण आली आहे. आमच्या माणसांना ओळखता यावी म्हणून पट्टी लावली. फार पळते ती."

"मला लवकर वाढणारीच हवी आहे."

बाईंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा वेलीकडे. "मग न्या," त्या म्हणाल्या. "फक्त तिला इथला पत्ता सांगू नका."

पहिले काही दिवस गारवेल पाहुण्यासारखी वागली. मग तिने हातपाय पसरले. जाळीवरून ती आडवी गेली, उभी गेली, आणि काकांच्या डोळ्यांदेखत पलीकडचं जग थोडं थोडं पुसलं जाऊ लागलं. आधी घड्याळजींचा पायजमा गेला. मग खुर्चीचे हात गेले. मग हातातलं वर्तमानपत्र, मग चष्मा, आणि एका सकाळी टक्कलही गेलं. पाटी तर केव्हाच पानांखाली गडप झाली होती. जाळीभर जांभळी फुलं उमलली होती. काकांनी काकूंना बोलावून दाखवलं.

"झालं मनासारखं?" काकूंनी विचारलं.

काका हो म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांचं बोट आपोआप पानांत गेलं आणि त्यांनी एक भोक पाडलं. भोकातून खुर्ची दिसली. खुर्चीत घड्याळजी होते. काकांनी निवांतपणे चहा संपवला. पुढच्या सकाळपर्यंत वेलीने ते भोक बुजवून टाकलं होतं. काकांनी नवं पाडलं. झाकायला आणलेल्या वेलीला भोकं पाडणं हा त्यांचा रोजचा उद्योग होऊन बसला, आणि तो काकूंच्या नजरेतून सुटला नाही.

गारवेलीला मात्र जाळी पुरेना. ती पलीकडे उतरली आणि घड्याळजींच्या कपड्यांच्या दोरीवर चढली. घड्याळजींनी वाळत घातलेला सदरा दुपारी काढायला जावं, तर त्याच्या दोन्ही बाह्या तिने दोरीला बांधून ठेवलेल्या. मग तिने नळ धरला, मग दारावरची घंटा, आणि शेवटी रस्त्याकडच्या फाटकावर चढून त्याच्या दोन्ही फळ्या अशा काही एक केल्या, की तिथे फाटक आहे हे माहीत असणाऱ्यालाच कळावं. घड्याळजी घराच्या मागच्या बाजूने ये-जा करू लागले.

बऱ्याच दिवसांनी पानांमागून त्यांचा आवाज आला. "तुमची वेल घड्याळाच्या उलट फिरते."

काकांच्या हातातला कप हिंदकळला. "म्हणजे?"

"प्रत्येक खांबाला उलटे वेढे घातले आहेत. मी काल सगळे सोडवून सुलटे घातले. आज पुन्हा उलटे."

"वेलीला घड्याळ कळत नाही."

"ते दिसतंच आहे," असं म्हणून आवाज निघून गेला.

तो दिवस काकांचा फार चांगला गेला. 'तुमची' होतं, तक्रार होती, तरी बोलणं होतं. पुढे अशा तक्रारी अधूनमधून येऊ लागल्या आणि काका त्यांची वाट बघू लागले. एवढं खरं, की वेलीचं एक वागणं त्यांना उमजेना. सकाळी ती जांभळी फुलायची, आणि अलीकडे संध्याकाळी तिच्यावर भलतेच घोस दिसायचे, पांढरे, गुलाबी, लाल, आणि सुगंध तर स्वयंपाकघरापर्यंत यायचा. एका वेलीला दोन तऱ्हेची फुलं म्हणजे छापखान्यात दोन पुस्तकांची पानं एकात बांधली गेल्यासारखं झालं. हा रोपवाटिकेचा गलथानपणा आहे, असं काकांनी ठरवून टाकलं.

मग तो रविवार आला. काका परसात पानं झाडत होते. घरात काहीतरी बोलण्याचे आवाज आले म्हणून ते आत गेले, तर त्यांच्या खोलीत एक अनोळखी गृहस्थ टेप घेऊन त्यांच्याच पलंगाची लांबी मोजत होते. त्या गृहस्थांची बायको शब्दकोशांच्या कपाटापुढे उभी राहून म्हणत होती, की हे काढलं की इथे आरसा चांगला दिसेल. घरांची खरेदी-विक्री जमवणारा एक तरुण एजंट हात चोळत मधे उभा होता. आणि काकू सगळ्यांना स्वयंपाकघरात सकाळी ऊन कुठून येतं ते समजावून सांगत होत्या.

"कोण ही मंडळी?" काकांनी विचारलं.

"घर बघायला आलीत," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, बघा."

एजंटने नम्रपणे विचारलं, घड्याळजी आपणच ना. काकांनी आपण कोण ते सांगितलं. एजंटचा चेहरा उतरला. त्याला फोनवर सांगितलं होतं की शेवटून दुसरं फाटक, आणि शेवटून मोजताना दुसरं हेच आलं होतं. मधे एक हिरवा ढीग होता, तो त्याला बाग वाटला. गृहस्थांनी टेप गुंडाळली. बायकोला जरा वाईट वाटलं, कारण आरशाची जागा तिला पसंत पडली होती.

सगळी वरात परसात आली. एजंटने वेलीकडे तोंड करून घड्याळजींना हाक मारली आणि वेलीतून "आहे, आहे" असं उत्तर आलं. मागच्या वाटेने जाऊन मंडळींनी ते घर पाहिलं. काका अलीकडे झाडू धरून उभे होते आणि कान पलीकडे होते. खोल्या आवडल्याचं ऐकू आलं. व्हरांडा आवडल्याचं ऐकू आलं. काकांनी झाडून झालेल्या जागेवरच पुन्हा झाडायला सुरुवात केली. शेवटी गृहस्थ म्हणाले, की घर नक्की घेऊ, पण आधी हे जंगल काढा. ज्याची वेल असेल त्याने मुळापासून उपटावी, मग पुढच्या रविवारी येऊन पक्कं करू.

"वेल त्यांची आहे," घड्याळजी म्हणाले.

काकांना नाही म्हणता येईना. ते जाळीच्या बुडाशी बसले, पानं बाजूला केली आणि आपल्या वेलीचं मूळ दाखवलं. पण एजंट पलीकडून म्हणाला, "मग हे कोणाचं?"

पलीकडे, घड्याळजींच्या जमिनीत, मनगटाएवढं जाड दुसरं खोड होतं. ते वर चढून काकांच्या वेलीत इतकं गुंतलं होतं, की कुठे कोण संपतं ते कळत नव्हतं. बुडाशी एक पट्टी खोचलेली होती. मातीने माखली होती, पण तिच्यावरचा लाल रंग जाळीतून काकांनी लांबूनच ओळखला. एक उकार, एक वेलांटी. मधुमालती.

एजंटने घड्याळ पाहिलं आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेला.

"तुम्ही कधी लावलीत?" काकांनी विचारलं.

"तुम्ही लावलीत त्याच आठवड्यात." घड्याळजी जाळीपलीकडे जमिनीवरच बसले होते. पानांतून त्यांचं अर्धं तोंड दिसत होतं. "लवकर वाढणारी हवी म्हणून गेलो. पट्टीवर तुमची खूण दिसली. म्हटलं, यांनी तपासून पास केलेली आहे, हीच चांगली."

"पण तुम्हाला वेल कशाला? तुम्ही तर जाणार."

"जाईपर्यंत इथेच बसायचं ना. लोक घर बघायला येणार, आणि समोर तुम्ही चहा पीत बसलेले दिसणार. मला ते बघवलं नसतं."

काकू घरातून दोन कात्र्या घेऊन आल्या, एक जाळीच्या वरून पलीकडे दिली, एक नवऱ्याच्या हातात ठेवली. "भाऊजी, चहा तिकडेच पाठवते," असं म्हणून त्या आत गेल्या. जाताना दार त्यांनी उघडं ठेवलं.

काम सुरू झालं. कापायचं तर आधी कोणाची फांदी ते ठरवायला हवं होतं, कारण आपली वेल दुसऱ्याच्या हातून कापली गेलेली दोघांनाही चालणार नव्हती. घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. जी उलटी फिरते ती काकांची, जी नुसती अंग टाकून पडते ती आपली, अशी खूण त्यांनी ठरवली. काका एकेक फांदी धरून वाचल्यासारखं सांगायचे आणि घड्याळजी ताडून बघायचे.

"माझी."

"हं."

"तुमची. हीसुद्धा तुमची. ही माझी."

"हं. थांबा. ही माझी आहे, नीट बघा."

"माझीच. तुमची इथे संपते."

"संपली तर पूर्णविराम म्हणा," घड्याळजी म्हणाले.

काकांचा हात थांबला. मग त्यांनी म्हटलं, "पूर्णविराम." आणि पुढची फांदी धरली. चहा आला, गार झाला, दुसरा आला. काम म्हणावं तर फार हळू चाललं होतं, आणि दोघांपैकी कोणालाही त्याची घाई दिसत नव्हती. पानं पडत होती आणि पलीकडचं पुन्हा दिसू लागलं होतं, वेताची खुर्ची, पट्ट्यांचा पायजमा, टक्कल. जे जे काकांनी पुसलं होतं ते ते आता त्यांच्याच हाताने परत येत होतं, आणि ते सगळं पुढच्या रविवारी दुसऱ्या कोणाचं तरी होणार होतं. काकांना कात्री जड वाटू लागली.

शेवटचा जाडसर गुंता सुटला आणि खालून पाटी निघाली. वेलीने तिला एका बाजूने ओढून तिरकी केली होती. कोपरे सडले होते. पण मजकूर शाबूत होता. 'घर विकणे आहे', आणि त्यातली ती लाल वेलांटी.

"मी ती पाटी तुमच्या बाजूला टांगली," घड्याळजी हळू म्हणाले. "मुलगी म्हणायची, बाबा तिथे तुम्ही एकटे. मी म्हणायचो, एकटा कुठे आहे. मग वाटलं, बघावं तरी. तुम्हाला दाखवावं आणि तुम्ही काय म्हणता ते ऐकावं." ते थांबले. "तुम्ही म्हणालात, पहिली."

काकांनी बोलायला तोंड उघडलं, पण जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं वाचलेल्या त्या माणसाला स्वतःचं एक वाक्य काही जमेना. हात सवयीने खिशात गेला. पेन्सिल निघाली. घड्याळजींनी ती पाहिली आणि मान खाली घातली.

काकांनी 'विकणे' आणि 'आहे' यांच्यामधल्या फटीत, बुडाशी, कावळ्याच्या पायासारखी एक खूण केली. आणि तिच्यावर, स्वच्छ अक्षरात, राहून गेलेला शब्द लिहिला.

घड्याळजींनी भिंग लावून पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. भिंगावर धुकं आलं होतं, ते त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसलं.

"'घर विकणे नाही आहे'," ते म्हणाले. "हे व्याकरणात बसत नाही."

"नसू दे."

"'नाही' आल्यावर 'आहे' कशाला? एक तरी खोडायला हवं."

"राहू दे म्हटलं ना."

"अरे, पण तू..." घड्याळजी बोलता बोलता अडखळले. आपण काय म्हणून बसलो ते त्यांना कळलं, आणि काकांनाही. दोघांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण बोलून दाखवलं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती. "मुलीला काय सांगू मी?"

"सांग, प्रूफ पास झालं नाही. छपाई थांबवली आहे."

घड्याळजी पाटीकडे बघत राहिले. 'नाही'वरची ती लाल वेलांटी त्यांनी बोटाने चाचपून पाहिली.

"ही दुसरी काढलीस."

"दुसरीच असते," काका म्हणाले. "'नाही'ची वेलांटी नेहमी दीर्घ."

"नेहमी?"

"नेहमी," काका म्हणाले. मग जाळीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, मुळं तेवढी कापायची राहिली होती, ती तशीच ठेवून ते स्टूल आणायला आत गेले.